प्राचार्यपदावरून बालवाडीकडे

कॉलेजच्या कट्ट्यावर एक खेळ खेळून बघा. पाच वर्षांनी काय व्हायचंय, ते प्रत्येकानं सांगायचं. एक जण यूपीएससी म्हणेल, दोघं-तिघं आयटी, कुणी एमबीए, एखादी नेट-सेट काढून प्राध्यापक. ज्यांना शिकवायची आवड आहे तेसुद्धा कॉलेजवरच थांबतात, फार तर हायस्कूलपर्यंत खाली येतात. मला बालवाडीत शिकवायचंय, असं कुणी म्हणालंच तर आधी सगळे हसतील आणि मग हळूच विचारतील, का गं, मार्क कमी पडले का?

शिकवण्याच्या धंद्यात ही उतरंड कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मूल जितकं लहान, तितका शिक्षकाचा मान कमी आणि पगारही कमी.

ताराबाई मोडक हे नाव तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये वाचलं असेल. बालशिक्षण, कोसबाद, पद्मभूषण १९६२. संपलं. त्या एका ओळीत जे मावत नाही ते हे, की या बाई ही उतरंड आयुष्यभर उलट्या दिशेनं चालत राहिल्या. प्रत्येक वेळी लोकांच्या हिशेबानं एक पायरी खाली. आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटत होतं की आता कुठे खरं काम सुरू होतंय.

जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीनं शिकायचं की नाही हा वादच नव्हता. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. तेव्हा मुलगी पदवीधर होणं ही आख्ख्या गल्लीत चर्चा व्हावी अशी गोष्ट होती. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी घर सोडून बाहेर पडलेल्या बाईला समाज काय म्हणाला असेल, ते सांगायला नको. त्यांनी नोकरी धरली, तीही साधीसुधी नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारं कॉलेज, हातात अधिकार, नियमित पगार. आजच्या भाषेत ‘सेटल’.

इथे तुम्ही-आम्ही थांबलो असतो.

राजकोटहून भावनगर काही फार लांब नाही. तिथे नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ १९२० पासून बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला आणि त्याला कसं वाढवायचं हे शोधता शोधता मारिया माँटेसरींची पुस्तकं हाती लागली, मग वकिली मागे पडली. भरघोस मिशा होत्या, म्हणून लोक त्यांना प्रेमानं मिशाळ आई म्हणायचे. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षीस नव्हतं, पहिला नंबरही नव्हता. मूल आपल्याला हवं ते साधन उचलायचं आणि हवा तेवढा वेळ त्यात रमायचं.

ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. कॉलेजच्या मुलींना शिकवणारी बाई आता तीन वर्षांच्या पोरांसमोर जमिनीवर बसायला लागली. त्याच मुलांसाठी गिजुभाईंच्या बरोबरीनं गुजरातीत लिहायलाही लागली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, त्यात त्या होत्या. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होती, तिची मराठी आवृत्ती त्यांनी सांभाळली.

पण भावनगरात त्या नेमकं काय शिकल्या? खेळणी कशी मांडायची हे नव्हे. माँटेसरी पद्धतीत सगळ्यात अवघड काम शिक्षकाचं असतं, आणि ते म्हणजे गप्प बसून बघणं. मूल एकच डबी दहा वेळा उघडतंय-लावतंय, तेव्हा त्याला थांबवायचं की नाही? ते रडतंय ते भुकेनं की रागानं की नुसतं कंटाळून? दुसऱ्याला मारणारं मूल ‘वाईट’ आहे, की त्याला अजून शब्द सापडत नाहीत? हे ओळखायला नजर लागते आणि ती नजर आपोआप येत नाही. बाई आहे म्हणजे तिला मुलं सांभाळता येणारच, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. ताराबाईंनी सगळं आयुष्य या समजाच्या विरोधात काढलं. लहान मुलांना शिकवणं ही आईपणाची वाढीव ड्युटी नाही, तो शिकून घ्यायचा व्यवसाय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्या जिथे गेल्या तिथे मुलांच्या शाळेला शिक्षिकांचं प्रशिक्षण जोडलेलं राहिलं.

१९३६ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. मुंबईतल्या मध्यमवर्गाला ही कल्पना आवडली. नीटनेटकी मुलं, हौशी पालक, चांगली साधनं, सोबत अध्यापनाचा वर्ग. गिजुभाई १९३९ मध्ये गेले, त्याच वर्षी स्वतः माँटेसरी भारतात आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षं इथेच राहिल्या. बालशिक्षण अचानक प्रतिष्ठेचं झालं. ताराबाईंचं नावही झालं होतं. आणि हीच गोष्ट त्यांना खुपायला लागली असावी, असं मला वाटतं. कारण हे सगळं चाललं होतं कुणासाठी? ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं होती, त्यांच्यासाठी. लाकडी मनोरा, वेगवेगळ्या आवाजांच्या घंटा, खडबडीत-गुळगुळीत पाट्या, हे सगळं बनवून घ्यायला पैसे लागायचे. खेड्यातल्या मुलापर्यंत यातलं काही पोचणार नव्हतं.

१९४५. ताराबाई ५३ वर्षांच्या. त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी तुमच्यातल्या काहींना वीकेंडची जागा म्हणून माहीत असेल. समुद्र, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, घोलवड स्टेशन. आज पालघर जिल्ह्यात, तेव्हा ठाण्यात. पण त्या वर्षी त्याच पट्ट्यात, तलासरी-डहाणूकडे, वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या शेतावर फुकट राबत होती. अशा भागात तीन-चार वर्षांच्या मुलांची शाळा काढायची, हे आजही कुणी म्हणालं तर आपण म्हणू, आधी पोटाचं बघा.

सोबत होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. बोरिवलीच्या एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई पुण्याची नोकरी सोडून बोर्डीला आल्या. म्हणजे हा वेडेपणा संसर्गजन्य होता म्हणायचा.

ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, बालवाडी सुरू झाली. आणि ज्यांच्यासाठी सुरू झाली तीच मुलं येईनात. दलित वस्तीतली नाहीत, आदिवासी पाड्यावरची नाहीत. आता इथे दोन वाटा असतात. एक म्हणजे, या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं. अहवालात ही वाट फार सोयीची असते. दुसरी म्हणजे मूल का येत नाही ते जाऊन बघायचं. त्या गेल्या. आई-बाप मजुरीवर, मोठी मुलगी कडेवर धाकट्याला घेऊन, घर आणि बालवाडी यांत अंतर, शिवाय सवर्णांच्या वस्तीतून जायची धास्ती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनंच मुलाकडे जायचं, असं ठरलं. वस्तीतल्याच कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरायला लागली. अंगणातली बालवाडी. हा शब्द तुम्हाला आता ओळखीचा वाटायला लागला असेल.

अंगणात गेल्यावर पद्धतही बदलावी लागली. माँटेसरींची साधनं बाजूला राहिली. मोजायला चिंचोके आणि शिंपले आले, लहान-मोठं ओळखायला दगड, रंग ओळखायला पानं-फुलं, हाताला वळण लावायला माती. पण त्याआधी होती आंघोळ. बाई आल्या की मुलांना धुवायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. शिकलेल्या शिक्षिकेनं दुसऱ्याच्या, त्यातही दलित-आदिवासी मुलाचं नाक पुसायचं, ही त्या काळात लहानसहान गोष्ट नव्हती. पण ताराबाईंच्या लेखी तोही अभ्यासक्रमच होता. मूल स्वच्छ झालं, त्याला भूक नाही आणि कुणी ओरडणार नाही याची खात्री पटली, की ते हात पुढे करतं. मगच चिंचोके.

मला त्यांच्या आयुष्यातलं हे वळण सगळ्यात मोठं वाटतं. वीस वर्षं ज्या पद्धतीचा प्रचार केला, तिची साधनं सोडायची आणि गाभा धरून ठेवायचा. दर्जा म्हणजे काय, याचं उत्तर त्यांनी खोलीतल्या वस्तूंमधून काढून माणसात नेऊन ठेवलं. खोली नसली तरी चालेल, साधन नसलं तरी चालेल, पण बाई शिकलेली हवी आणि तिची नजर मुलावर हवी. आज नर्सरीच्या जाहिराती बघा. एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, सीसीटीव्ही, बाहेर कार्टूनची चित्रं. शिकवणारीचं शिक्षण काय आणि तिला महिन्याला काय मिळतं, हे कुठल्या फ्लेक्सवर असतं का?

१९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, भर वारली पाड्यांमध्ये. ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या, म्हणजे बाकीचे रिटायर होऊन नातवंडं खेळवतात त्या वयाच्या. इथे नवीन अडचण. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण घरी तान्हं भावंड सांभाळायचं असायचं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. ताईनं बाळाला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. मुलगे येत नव्हते, कारण ते गुरं राखायला जायचे. मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत, झाडाखाली वर्ग भरलाय. ती कुरणशाळा. अटेंडन्सवरून डिफॉल्टर लिस्ट लावणाऱ्या आपल्या कॉलेजांच्या दुनियेतून बघितलं, तर विद्यार्थी आला नाही म्हणून कॉलेजच त्याच्या मागे गेलं, असा हा प्रकार.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. अनुताई त्यांच्यानंतरही जवळपास वीस वर्षं कोसबादला काम करत राहिल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी असं ठेवलं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीचं अंगण असं देशभर पसरलं.

अंगण पसरलं, पण बाईचं काय झालं ते बघा. या योजनेत सहा सेवा आहेत, शाळापूर्व शिक्षण ही त्यातली फक्त एक. बाकी पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी वगैरे. तीही हवीच, ताराबाईंनीही आंघोळीपासूनच सुरुवात केली होती. पण एकच सेविका मुलांची वजनं घेते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माहिती भरते, आणि यातून वेळ उरला तर गाणी घेते. मूल गप्प बसून न्याहाळायला तिला सवड कधी मिळणार? माझ्यासाठीही अंगणवाडी म्हणजे लहानपणापासून खिचडीची शाळा होती, हे कबूल करते. तिथे शिकवतातही, हे मला फार उशिरा कळलं.

कागदावर हे वय आता महत्त्वाचं झालंय. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्यामुळे तीन ते सहाची मुलं त्याच्या बाहेर राहिली होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ती तीन वर्षं शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात धरली. म्हणजे सेविका ही आता अधिकृतपणे शिक्षणाच्या पहिल्या पायरीवर उभी आहे. तिला मिळतो तो मात्र पगार नव्हे, मानधन. सरकारच्या लेखी ती मानसेवी, म्हणजे मानासाठी सेवा करणारी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा त्या काम करतात एवढं तरी नक्की झालं.

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. मानधन वाढवा आणि ग्रॅच्युइटी द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. संप जानेवारीतही चालू होता. तेवढे दिवस तुमच्या गल्लीतली अंगणवाडी बंद होती. तुमच्या लक्षात आलं होतं?