सॅल्मन पी. चेस

सॅल्मन पोर्टलंड चेस (१३ जानेवारी, १८०८ – ७ मे, १८७३) हे अमेरिकेचे राजकारणी, कायदेपंडित, अर्थमंत्री आणि सरन्यायाधीश होते. यादवी युद्धाच्या काळात सोन्यात न बदलता येणाऱ्या कागदी नोटा त्यांच्या कारकिर्दीत चलनात आल्या. पुढे न्यायासनावरून त्यांनीच त्यांच्या सक्तीविरुद्ध निकाल दिला.

पूर्वायुष्य

चेस यांचा जन्म न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने काही काळ ते ओहायोत धर्मगुरू असलेल्या काकांकडे वाढले. सिनसिनाटी येथे वकिली करताना त्यांनी पळून आलेल्या गुलामांची बाजू न्यायालयात मांडली. पुढे ते सिनेटर व ओहायोचे राज्यपाल झाले.

अर्थमंत्रिपद

मार्च १८६१ मध्ये लिंकन यांनी त्यांना अर्थमंत्री केले. युद्धखर्चासाठी त्यांनी न्यूयॉर्क, बोस्टन व फिलाडेल्फियाच्या बँकांकडून कर्ज उभारले. मात्र रक्कम सोन्याच्या नाण्यांतच भरण्याचा आग्रह धरला. त्यामुळे बँकांच्या तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या. त्यातच ब्रिटनशी युद्ध होण्याची भीती पसरली आणि लोक सोने साठवू लागले. अखेर ३० डिसेंबर १८६१ रोजी बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. सरकारी खजिन्यालाही तोच मार्ग धरावा लागला.

चेस स्वतः धातूच्या चलनाचे पुरस्कर्ते होते. तरीही सैनिकांचे वेतन थकत असल्याने त्यांनी नाइलाजाने नव्या कायद्याला पाठिंबा दिला. २५ फेब्रुवारी १८६२ च्या या कायद्याने १५ कोटी डॉलरच्या नोटांना मान्यता मिळाली. मागील बाजूच्या हिरव्या रंगामुळे त्या ‘ग्रीनबॅक’ म्हणून ओळखल्या गेल्या. देणी फेडताना त्या स्वीकारणे बंधनकारक होते. आयातकर व सरकारी रोख्यांवरील व्याज मात्र नाण्यांतच द्यावे लागे. एक डॉलरच्या नोटेवर चेस यांचेच चित्र होते. जुलै १८६४ मध्ये १०० डॉलरच्या सोन्यासाठी २५० हून अधिक कागदी डॉलर मोजावे लागत.

सरन्यायाधीशपद

जून १८६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरात लिंकन यांनी त्यांना सरन्यायाधीश नेमले. १८७० मध्ये हेपबर्न विरुद्ध ग्रिसवोल्ड खटल्यात, कायद्यापूर्वीच्या कर्जाची फेड अशा नोटांनी स्वीकारण्याची सक्ती घटनाबाह्य असल्याचा निकाल त्यांनी लिहिला. दोन नव्या न्यायाधीशांच्या नियुक्तीनंतर १८७१ मध्ये न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फिरविला. चेस अल्पमतात राहिले.

१८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ग्रीनबॅकच्या बदल्यात सोने देणे १ जानेवारी १८७९ रोजी पुन्हा सुरू झाले.