सातवे निजाम मीर उस्मान अली खान आणि त्यांचे कौटुंबिक न्यास

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान (१८८६–१९६७) यांचे नाव आपल्या मराठी घरांतून दोन परींनी घेतले जाते. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना रझाकारांचे दिवस विसरता येत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत जाऊन आलेल्यांना तेथील निजाम अतिथिगृह ठाऊक असते. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्या उत्तरायुष्यातील एक निराळी बाजू विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी देत आहोत.

१९११ साली गादीवर आलेल्या निजामांची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये संपुष्टात आली. १९५० ते १९५६ ते राजप्रमुख होते, परंतु राज्य गेले होते आणि मागे फार मोठा कुटुंबकबिला होता. १० मे १९५० रोजी त्यांनी कौटुंबिक न्यास स्थापन केला. ९ कोटी रुपये दर्शनी किमतीचे सरकारी रोखे विश्वस्तांच्या स्वाधीन झाले. हिशेबापुरते त्यांचे १७५ समान भाग कल्पून, थोडे राखीव निधी व खर्चासाठी ठेवून, बाकीचे आप्तांच्या नावे लावण्यात आले. मालकी विश्वस्तांची, लाभ वारसांचा. देवाचे दागिने सांभाळणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५१ व १९५२ मध्ये जवाहिरांचे दोन न्यास झाले. अट कडक होती : स्वतः निजाम आणि थोरले पुत्र आझम जाह हयात असेतो विक्री नाही. वडिलांचा पुत्रावर पूर्ण भरवसा नसावा, असे वाटते. वारसपदही त्यांनी नातू मुकर्रम जाह यांना दिले. आझम जाह १९७० मध्ये वारले. पुढे विक्रीचा प्रश्न न्यायालयात अडकला. अखेर १९९५ मध्ये भारत सरकारने जेकब हिऱ्यासह १७३ जवाहिरे सुमारे २१८ कोटींना घेतली. ठेवा देशात राहिला, पण वारसांची पंचवीस वर्षे वाट पाहण्यात गेली. न्यासपत्र करणाऱ्याने हाही हिशेब मनात धरावा.

याउलट, सप्टेंबर १९४८ मध्ये निजामांचे दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. त्या वेळी त्या रकमेचे असे न्यासपत्र झालेले नव्हते. उच्चायुक्त हे केवळ विश्वस्त होते, असा निर्णय तेथील न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती आणि निजामांना जाऊन बावन्न वर्षे लोटली होती.