सुकाणू कोणाच्या हाती? : नॉर्बर्ट वीनर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा डळमळीतच, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. कंट्रोल सिस्टीम्सच्या तासाला सरांनी वीनरचं नाव घेतलं आणि या माणसाने मला झपाटलंच.

जन्म १८९४, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात. प्राध्यापक वडिलांनी घरी इतकं घोटून घेतलं की नॉर्बर्ट १४व्या वर्षी पदवीधर आणि १८व्या वर्षी हार्वर्डचा पीएच.डी.! (त्या वयात आपण सीईटीच्या रांगेत.) १९१९ पासून ते एमआयटीत गणित शिकवू लागले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ज्युलियन बिगेलोबरोबर विमानविरोधी तोफेसाठी यंत्र करायला घेतलं. विमान थोड्या वेळाने कुठे असेल, हे त्याने आधीच सांगायचं. युद्धात ते वापरलं गेलं नाही, पण माणूस काय, यंत्र काय, चूक बघूनच पुढची हालचाल सुधारतात हे वीनरना उमगलं. सुधारणा उशिरा आणि जास्त झाली की हेलकावे सुरू! हॉस्टेलच्या गीझरखाली गरम-गार नळांशी झटापट केलेल्यांना वेगळं सांगायला नको. १९४८ मध्ये त्यांनी या शास्त्रावर पुस्तक लिहिलं, नाव ‘सायबरनेटिक्स’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपला ‘सायबर’ तिथूनच आला.

त्याआधी हिरोशिमा झालं होतं. १९४६ च्या शेवटी क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एकाने वीनरचा युद्धकाळातला रिपोर्ट मागितला. त्यांनी सरळ नकार दिला, आणि ते पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात छापूनही आणलं. प्लेसमेंटला तशी कंपनी आली तर? मी बहुतेक बायोडेटा घेऊन पहिल्या बाकावर बसलेली असेन.

आपल्याकडचा धागाही आहे. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. मुंबईत जन्मलेले गणिती पेसी मसानी त्यांचे सहकारी झाले, नंतर चरित्रकारही.

१९६० च्या ‘सायन्स’मधल्या लेखात त्यांनी नेमकी भीती मांडली. यंत्र आपल्यापेक्षा भराभर निर्णय घेत असेल, तर आपण सावध होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून त्याला दिलेलं उद्दिष्ट खरंच आपल्याला हवं तेच आहे ना, हे सुरू करण्याआधी तपासायचं. आज वीजजाळ्यातले रिले, विनाचालक गाड्या, ड्रोन एकमेकांशी परस्पर बोलतात, आणि आमच्या प्रोजेक्टच्या ट्रॉलीला लाल बटण हवं की नको यावर ग्रुपमध्ये दोन दिवस भांडण!

जानेवारी १९६४ मध्ये वीनरना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते विज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं. दोनच महिन्यांनी, १८ मार्चला, स्टॉकहोममध्ये ते गेले.