गारदी : एक उपनाम आणि इब्राहिमखानाचे चरित्र

मराठीत काही उपनामे गावावरून आली, काही वतनावरून, तर काही लष्करी पेशावरून. 'गारदी' हे तिसऱ्या वर्गातील उपनाम होय. आडनाव म्हणून ते विरळाच आढळते. इतिहासात मात्र इब्राहिमखान गारदी या सेनानीच्या नावाशी ते कायमचे जोडले गेले आहे. साप खेळविणारा तो गारुडी. त्या शब्दाचे मूळ संस्कृत 'गारुड' शब्दात आहे आणि गारद्याशी त्याचा केवळ ध्वनिसाम्यापुरता संबंध आहे.

'गारदी' शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सुचविल्या गेल्या आहेत. पहिली फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारा, रक्षकदल या शब्दावरून. दुसरी अरबी 'घर्बी' म्हणजे पाश्चात्त्य या शब्दावरून. पहिली अधिक प्रचलित असून मराठीतील 'गारद' या शब्दाशी ती जुळते. कोणतीही स्वीकारली तरी अर्थाची दिशा एकच राहते : युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेला, बंदूक बाळगणारा, रोख पगारावर चाकरी करणारा पायदळाचा शिपाई. हे जातिवाचक वा धर्मवाचक नाम नव्हे. इब्राहिमखान मुसलमान होता. पुढे कुप्रसिद्ध झालेला सुमेरसिंग हिंदू होता. दोघेही गारदीच.

इब्राहिमखानाची घडण दख्खनमध्ये फ्रेंच युद्धपद्धतीच्या छायेत झाली. १७५१ पासून १७५८ पर्यंत बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या दरबारी वर्चस्व राखून होता. त्याच्या पलटणींची शिस्त आणि तोफखान्याची हुकमत या काळात दख्खनने पाहिली. बुसी परत बोलावला गेल्यावर इब्राहिमखान काही काळ निजामअलीकडे राहिला आणि नंतर पेशव्यांच्या सेवेत आला. सदाशिवरावभाऊंनी त्याचे गुण ओळखले. मराठ्यांकडे आधीपासून असलेला मुजफ्फरखान गारदी याने १७५९ मध्ये भाऊंवर मारेकरी घातल्याच्या आरोपावरून देहदंड भोगला होता. एका गारद्याने विश्वास गमावला त्याच सुमारास दुसऱ्यावर तो टाकला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१७६० च्या आरंभी उदगीर येथे निजामाचा पराभव झाला. त्या विजयात इब्राहिमखानाच्या तोफांचा वाटा मोठा होता. याच यशामुळे भाऊंची कवायती पायदळावरील श्रद्धा दृढ झाली आणि उत्तरेच्या मोहिमेत गारदी अग्रभागी राहिले. दिल्ली आणि कुंजपुरा ही ठाणी त्याच वर्षी हाती आली. परंतु घोडदळावर वाढलेल्या सरदारांना ही पद्धत रुचली नाही. मल्हारराव होळकरांसारख्या अनुभवी सेनापतीचा कल गनिमी काव्याकडे होता. शिवाय गारद्यांचा पगार वेळच्या वेळी रोख द्यावा लागे आणि त्यासाठी इब्राहिमखान हट्ट धरी. त्यामुळे तो अनेकांना अप्रिय झाला होता.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर या हट्टाची कसोटी लागली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाचा वृत्तांत फारसीत लिहून ठेवला आहे. त्याच्या मते इब्राहिमखानाजवळ सुमारे ९,००० बंदुकधारी पायदळ आणि ४० तोफा होत्या. आजवर पगारासाठी धरलेला आग्रह व्यर्थ नव्हता, हे आज दाखवून देतो, अशा आशयाचे बोलून तो स्वतः निशाण घेऊन पुढे सरसावला, असे काशीराज सांगतो. मराठ्यांच्या डाव्या बगलेवरून गारद्यांनी रोहिल्यांवर संगिनी चालवल्या आणि त्यांची अपरिमित हानी केली. या झुंजीत त्यांच्या बहुतेक पलटणी गारद झाल्या आणि खान स्वतः जखमी होऊन कैद झाला. शुजाउद्दौल्याने त्याला लपवून वाचविण्याचा प्रयत्न केला. पण अब्दालीच्या पक्षाने त्याचा ताबा मागून घेतला आणि काही दिवसांतच कैदेत त्याचा अंत झाला.

उपनामाचा प्रवास मात्र येथे संपत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. तेव्हापासून मराठी मनात 'गारदी' म्हणजे मारेकरी हा अर्थ रुजला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' या १९०९ मधील नाटकाच्या मुळाशी हीच हत्या आहे.

दोन्ही प्रसंगी पगार हाच विषय होता, हे येथे विसरता येत नाही. एका ठिकाणी वेतन घेऊन प्राण वेचले गेले, दुसऱ्या ठिकाणी वेतनाच्या निमित्ताने प्राण घेतले गेले. शब्दाच्या लौकिकात दुसऱ्या प्रसंगाने पहिल्यावर मात केली. बारा वर्षांच्या अवकाशात एका पेशाचे नाव निष्ठेकडून विश्वासघाताकडे ढळले. इब्राहिमखानाच्या चरित्राचे महत्त्व म्हणूनच केवळ लष्करी नाही. शब्दाच्या दूषित अर्थाआड झाकला गेलेला त्याचा मूळ अर्थ ते पुन्हा दृष्टीस आणून देते.