सेरेनगेटीची शिरगणती

टांझानियातील सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यानात आज देशोदेशीचे पर्यटक स्वतः जीप चालवीत शिरतात, सेरोनेराच्या तळावर तंबू ठोकतात आणि सिंहांच्या डरकाळ्या ऐकत रात्र काढतात. एके काळी शिकारी आणि धनिकांपुरती असलेली ही रानवाट सामान्य माणसाला खुली होण्यात जर्मन पशुवैद्य डॉ. बर्नहार्ड ग्झिमेक यांचा मोठा वाटा होता.

१९०९ मध्ये जन्मलेल्या ग्झिमेक यांनी महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाची सूत्रे १९४५ मध्ये स्वीकारली आणि १९७४ पर्यंत सांभाळली. १९५० च्या दशकात ब्रिटिश अमलाखालील टांगानिकात सेरेनगेटीच्या सीमा बदलून उद्यान लहान करण्याचा प्रस्ताव पुढे आला. कळप वर्षभर कोठून कोठे फिरतात, याची मात्र पुरती माहिती नव्हती. ती मिळविण्यासाठी ग्झिमेक आणि त्यांचे पुत्र मिशाएल विमान चालवायला शिकले. डिसेंबर १९५७ मध्ये झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेले छोटे विमान घेऊन ते फ्रँकफर्टहून निघाले. सेरेनगेटीत मुक्काम करून, माळावर घिरट्या घालीत त्यांनी साडेतीन लाखांहून अधिक प्राणी मोजले. नियोजित सीमा कळपांच्या वाटांशी जुळत नसल्याचे त्यातून दिसले.

१० जानेवारी १९५९ रोजी गिधाडाशी टक्कर होऊन विमान कोसळले आणि २४ वर्षांच्या मिशाएलचा अंत झाला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याचे दफन करून पित्याने दोघांचे काम तडीस नेले. ‘सेरेनगेटी मरता कामा नये’ या त्यांच्या माहितीपटाला १९६० मध्ये ऑस्कर मिळाले. पर्यटकांच्या पैशावरच ही राने तगतील, हे ओळखून ग्झिमेक यांनी दूरचित्रवाणीवरून पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहली जाहीर केल्या. तशा सहली तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या. प्रेक्षकांची मागणी वाढताच प्रवासी कंपन्यांनी त्या सुरू केल्या.

या कार्याला दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय उद्यानात मनुष्यवस्ती नसावी, असा ग्झिमेक यांचा आग्रह होता. १९५९ मध्ये नव्या सीमा ठरल्या, तेव्हा सेरेनगेटीत पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या मसाईंना न्गोरोंगोरोकडे हलविण्यात आले. पर्यटकाला निर्मनुष्य भासणारा हा माळ पूर्वी तसा नव्हता.

१९८७ मध्ये ग्झिमेक यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी मिशाएलशेजारीच विसावल्या आहेत. सेरेनगेटीकडे जाणाऱ्या गाड्या त्या दगडी स्मारकाजवळूनच पुढे जातात.