शनिवारी दुपारची प्रार्थना

बी. ए.ला इतिहास घेतलेल्या माझ्या मैत्रिणींना माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आठवत असतीलच. १९१७ ची घोषणा, १९१९ चा कायदा, प्रांतांमधली द्विदल राज्यपद्धती... परीक्षेच्या आदल्या रात्री किती घोकलं होतं आपण! हमखास येणारा प्रश्न. पण त्या भारतमंत्री एडविन माँटेग्यूंना एक थोरली बहीण होती आणि सुधारणा करण्यात ती भावापेक्षाही चिवट होती, हे कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं. तिचं नाव लिली माँटेग्यू.

मला ती भेटली अलीकडेच. महिला दिनाला डॉ. जेरुशा झिराड यांच्यावर मला दहा मिनिटं बोलायचं होतं. झिराडबाई आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. वाचनालयातून पुस्तकं आणून टिपणं काढताना त्यांच्या लंडनमधल्या दिवसांत हे नाव आलं. मग झिराडबाईंचं भाषण बाजूला राहिलं आणि मी लिलीच्याच मागे लागले. तिला एकेरीच म्हणते, कारण आता ती मैत्रीणच वाटते.

त्याला कारणही तसंच होतं. आमच्या गावात वस्तीतल्या मुलींसाठी मी एक वर्ग घेते. थोडं वाचन, थोडं शिवण, गाणी, आरोग्याच्या चार गोष्टी. वर्ग असायचा रविवारी सकाळी, कारण मला तीच वेळ सोयीची. पंचवीस मुलींच्या दहा झाल्या, दहाच्या चार. मुलींना गोडीच नाही, असं मी घरी-दारी सगळ्यांना सांगत सुटले होते. त्या चिडलेल्या मनःस्थितीत मी लिलीबद्दल वाचलं.

लिलीचा जन्म २२ डिसेंबर १८७३ चा, लंडनचा. दहा भावंडांमधली ही सहावी. वडील सॅम्युअल माँटेग्यू मोठे बँकर. पार्लमेंटचे सभासद, पुढे लॉर्ड झाले. पैशाला तोटा नव्हता, पण श्रीमंतीमुळे धर्म सैल झालेला नव्हता. वडील कट्टर सनातनी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी काम नाही, चूल पेटवणं नाही, पैशाला हात लावणं नाही. आपल्या कोकणात तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना लोक शनिवार तेली म्हणायचे, ते याचमुळे. घाण्यावरचा तेली असो की लंडनचा बँकर, शनिवार दोघांचाही सारखाच.

सॅम्युअल माँटेग्यू दानशूरही होते. पूर्व युरोपातून जीव मुठीत घेऊन आलेले हजारो गरीब ज्यू तेव्हा लंडनच्या पूर्व भागात दाटीवाटीनं राहत. त्यांच्या लहान लहान सिनेगॉगना, म्हणजे प्रार्थनामंदिरांना, त्यांनी १८८७ साली एका संस्थेत बांधून आधार दिला. अशा माणसाची ही लेक. धर्म तिला बाळकडूसारखा मिळाला.

पण तिला एक गोष्ट खुपत होती. सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात बसत, पुरुष खाली. प्रार्थना सगळी हिब्रूत. मुलग्यांना ती भाषा रीतसर शिकवली जाई, मुलींच्या वाट्याला अर्थ फारसा येत नसे. विधी मात्र सगळे काटेकोर. मन कोरडं राहतं आणि हात तेवढे सवयीनं चालतात, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? लिलीला तो लहान वयातच आला आणि ती गप्प बसली नाही. तरुणपणीच तिनं सिनेगॉगमध्ये मुलांसाठी वेगळी प्रार्थना सुरू केली. मुलांना कळेल अशा इंग्रजीत, त्यांच्या वयाला झेपेल एवढ्या वेळाची. तिच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे आहे.

१८९३ साली, विशीच्या आतच, तिनं बहीण मॅरियन आणि आणखी एक-दोघींच्या साथीनं लंडनच्या सोहो भागात नोकरदार ज्यू मुलींसाठी क्लब काढला. वेस्ट सेंट्रल गर्ल्स क्लब. क्लब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पत्ते आणि चहापार्टी येते. हा तसा नव्हता. सोहोतल्या मुली शिंप्यांच्या कारखान्यांत राबायच्या. लग्नसराईत आपल्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायकांची जी गत होते, तीच त्यांची. हंगामात रात्र रात्र सुई, आणि हंगाम सरला की हाताला काम नाही. राहायला अंधाऱ्या खोल्या. संध्याकाळी काम सुटल्यावर जायला एक उजेडाची, ऊबदार जागा असावी, जिथे गाणं, वाचन, शिवण, कवायत शिकता येईल, एवढंच आधी मनात होतं. मॅरियन क्लबचा व्यवहार बघायची आणि लिली मुलींशी बोलत बसायची. सुटीत मुलींना समुद्राची हवा मिळावी म्हणून लिटलहॅम्प्टनला राहायची सोयही झाली.

मुलींशी बोलता बोलता लिलीला एक गोष्ट उमगली. यातल्या पुष्कळ मुलींना शनिवारी सकाळी कामावर जावंच लागे. मालक सुटी देत नसे आणि नोकरी सोडावी तर घरची चूल विझे. म्हणजे शब्बाथ मोडला. एकदा मोडला की सिनेगॉगमध्ये जायला तोंड राहत नाही. असं करत करत या मुली धर्मापासूनच दूर जात होत्या. मोठी माणसं म्हणत होती की आजकालच्या मुलींना धर्माची चाड उरली नाही. लिलीनं उलटा विचार केला. शनिवारी दुपारी कारखाने सुटतात. मग प्रार्थना शनिवारी दुपारी का होऊ नये? क्लबमध्येच, मुलींना कळणाऱ्या भाषेत?

वाचायला किती सोपं वाटतं! वेळ बदलायची, बस्स. पण घड्याळाचे काटे हलवायला माणसाला केवढं बळ लागतं, हे पुढच्या गोष्टीवरून कळतं.

क्लबपुरतं जे चाललं होतं ते सगळ्या समाजासाठी व्हावं असं लिलीला वाटू लागलं. जानेवारी १८९९ मध्ये तिनं एका विद्वत्तापूर्ण ज्यू नियतकालिकात लेख लिहिला. निव्वळ सवयीनं पाळलेला धर्म पुढच्या पिढीला पुरणार नाही, त्यात पुन्हा जीव ओतायला हवा, असा त्याचा रोख. नुसता लेख लिहून ती थांबली नाही. मान्यवरांना पत्रं लिहिली, घरी जाऊन भेटली. क्लॉड माँटेफिओर हे मोठे ज्यू विद्वान तिच्या बाजूला आले. फेब्रुवारी १९०२ मध्ये तिच्या बहिणीच्या घरी बैठक होऊन ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झालं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला लंडनमधल्या एका हॉटेलच्या सभागृहात पहिली प्रार्थना झाली. वार शनिवार, वेळ दुपारची. स्त्री-पुरुष एकत्र बसलेले. बरीचशी प्रार्थना इंग्रजीत, साथीला वाद्यसंगीत.

सनातनी मंडळींत खळबळ उडाली. मुख्य रब्बी, म्हणजे तिथले सर्वोच्च धर्मगुरू, विरोधात गेले. लहानपणी लिलीला शिकवणारे रब्बी सुरुवातीला समितीत आले होते, पण तेही पुढे बाजूला झाले. आणि सगळ्यात मोठा विरोध होता घरातला. जन्मभर सनातनी धर्माचा आधारस्तंभ असलेल्या सॅम्युअल माँटेग्यूंना स्वतःच्या मुलीचं हे करणं सहन झालं नाही. १९११ साली ते गेले, पण बापलेकीतला हा दुरावा मिटला नाही.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. नास्तिक मुलीचं बापाशी पटलं नाही, तर ते समजू शकतं. पण इथे दोघांचं प्रेम एकाच धर्मावर होतं. वडिलांना वाटत होतं की मुलगी भिंत पाडते आहे. मुलीला वाटत होतं की ती दार उघडते आहे. आणि गंमत म्हणजे शब्बाथाचे नियम लिली स्वतःच्या घरी पाळायची. ज्यांना पाळणं परवडत नाही त्यांना पापी ठरवायचं नाही, एवढाच तिचा हट्ट. वडिलांचा विरोध पत्करून तिनं काम सोडलं नाही, आणि वडिलांविषयीचा आदरही सोडला नाही. यातलं कुठलं जास्त अवघड, ते मला सांगता येणार नाही.

वडील गेले त्याच १९११ साली या उदारमतवादी ज्यूंचं स्वतःचं सिनेगॉग लंडनमध्ये उभं राहिलं. तिथे मुलींना मुलग्यांच्या बरोबरीनं धर्मशिक्षण मिळू लागलं. पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर मुलगे आणि मुली दोघंही समाजापुढे उभं राहून आपली श्रद्धा जाहीर करू लागले. त्याच वर्षी मुलींच्या क्लबांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमध्ये लिली होती आणि ही संघटना केवळ ज्यू मुलींसाठी नव्हती. यूके यूथ या नावानं तिचं काम आजही चालू आहे. कारखान्यातल्या मुलींचे कामाचे तास, त्यांची मजुरी यासाठीही लिली भांडली. ज्या मुलीला रात्री दहापर्यंत सुई सोडता येत नाही तिला कवितेची गोडी कशी लागणार, हे तिला क्लबनं शिकवलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये बायकांना मॅजिस्ट्रेट होता येऊ लागलं, तेव्हा पहिल्या काही जणींत तिचं नाव होतं.

जून १९१८ मध्ये तिनं सिनेगॉगमध्ये प्रवचन दिलं. इंग्लंडमधल्या सिनेगॉगमध्ये बाईनं प्रवचन देण्याची ही पहिली वेळ. तोवर सोळा वर्षं तिनं पडद्यामागे काढली होती. खुर्चीवर विद्वान पुरुष, आणि पत्रं, निरोप, जमवाजमव लिलीची. आपल्यापैकी संस्थांत काम करणाऱ्या बायकांना हे चित्र नवं नाही! १९२६ साली तिच्याच पुढाकारानं जगभरच्या सुधारणावादी ज्यूंची परिषद लंडनला भरली आणि त्यांचा जागतिक संघ स्थापन झाला. चिटणिसाचं काम अर्थातच तिच्याकडे. पुढे वयाची ऐंशी उलटल्यावर ती त्या संघाची अध्यक्षही झाली. १९२८ मध्ये बर्लिनच्या सिनेगॉगमध्ये तिनं जर्मन भाषेत प्रवचन दिलं.

आणि आपल्या झिराडबाई? त्या १९१२ साली डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. १९१९ साली स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रात एम. डी. झाल्या. त्या काळात त्या या नव्या सिनेगॉगमध्ये जात, लिलीशी त्यांची ओळख झाली. बायका पुरुषांबरोबर बसतात, प्रार्थनेचा अर्थ समजून घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९२५ साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईत त्याच नावाची संस्था, ज्यूइश रिलिजस युनियन, सुरू झाली. शनिवार तेल्यांच्या लेकीबाळींपर्यंत लिलीचा विचार असा येऊन पोचला. भावानं आणलेल्या सुधारणा आपण पाठ केल्या. बहिणीची सुधारणा कुणी पाठ केली नाही, पण तीही याच बोटीच्या वाटेनं आली होती.

दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४१ मध्ये, लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात क्लबची इमारत जमीनदोस्त झाली. आसऱ्याला आलेली माणसं त्यात गेली. लिली तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. एवढ्या वर्षांचं काम एका रात्रीत मातीला मिळालेलं पाहून कुणीही घरी बसलं असतं. पण तिनं दुसऱ्या जागेत काम सुरू ठेवलं. क्लबातूनच वाढलेल्या मंडळीचं एक छोटं सिनेगॉग होतं, तिथे १९४४ साली तिला रीतसर धर्मसेवक म्हणून नेमण्यात आलं. ती रब्बी मात्र कधीच झाली नाही. ब्रिटनमध्ये बाईला रब्बी होता आलं ते १९७५ साली. लिली २२ जानेवारी १९६३ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी गेली. लग्न केलं नाही. मॅरियन अखेरपर्यंत सोबतीला होती.

मैत्रिणींनो, हे सगळं वाचून झाल्यावर मी एक काम केलं. त्या रविवारी वर्ग उघडून वाट बघत बसण्याऐवजी पिशवी घेऊन बाहेर पडले. आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारी असतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? दर आठवड्याला भाजी मीही तिथूनच आणते. पण डोक्यात कधी शिरलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुली तिथेच होत्या. एक आईशेजारी मेथीच्या जुड्या लावत होती, दुसरी लिंबं विकत होती, तिसरी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पैसे मोजत होती. मला बघून त्या ओशाळल्या. खरं तर ओशाळायला मी हवं होतं.

आता वर्ग बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता असतो. माझी मालिका बुडते, घरी जेवणं उशिरा होतात आणि त्यावरून सासूबाई अधूनमधून बोलतात. परवा सतरा मुली आल्या होत्या. लिंबं विकणारीनं येताना माझ्यासाठी पाच लिंबं आणली, आणि हिशेब करून दर मात्र बाजारचाच लावला.