साबणातले तेल आणि अर्देशीर गोदरेज

हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. पण स्वयंपाकघरातले कपाशियाचे तेल त्याच थंडीत पातळच राहते. असे का, याचा विचार करताना आम्हाला अर्देशीर गोदरेज आठवले.

अर्देशीरांचा जन्म 1868 सालचा, मुंबईच्या पारशी घराण्यातला. वकील होऊन ते झांझिबारला गेले, पण अशिलासाठी सत्याला मुरड घालणे जमेना, म्हणून वकिलीच सोडली. मुंबईला परतून शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागले. हत्यारांवर भारतात बनल्याचा शिक्का हवाच, हा त्यांचा हट्ट. गिऱ्हाइकाला नेमका तोच नको. धंदा बुडाला, शिक्क्याचा हट्ट सुटला नाही. पुढे 1897 पासून कुलपांनी त्यांना नाव मिळवून दिले.

पन्नाशीच्या सुमारास ते साबणाकडे वळले. त्या काळी पुष्कळ साबणांत जनावरांची चरबी असे आणि कितीतरी हिंदू-मुसलमान घरांना ती चालत नसे.

आता थोडे रसायनशास्त्र. तेल असो वा चरबी, त्यातल्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. साखळ्या सरळ, म्हणजे संपृक्त असल्या की त्या एकमेकींना खेटून बसतात आणि पदार्थ गोठतो. दुहेरी बंधामुळे वाकलेल्या असल्या की तेल पातळ राहते. खोबरेलात संपृक्त जास्त, कपाशियात वाकलेल्या जास्त. तेल कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवले की ग्लिसरीन सुटते आणि मेदाम्लांचे सोडियम क्षार तयार होतात. तोच साबण! त्याचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकट मळाला. चरबीत सरळ साखळ्या भरपूर, त्यामुळे वडी सहज टणक होते. नुसत्या वनस्पती तेलांतून तशी वडी हवी तर तेलांचे प्रमाण नेमके जुळवावे लागते.

अर्देशीरांनी ते जमवले. 1918 साली त्यांचा 'चावी' साबण बाजारात आला, चरबीविना. हा जगातला असा पहिलाच साबण, असे कुठे कुठे लिहिलेले आढळते. ते आम्हाला पटत नाही, कारण सीरियातील अलेप्पो शहरात ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक शतके बनत आला आहे. पण आपल्याकडच्या घरांचा प्रश्न सुटला, हे खरे.

1921 साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी 3 लाख रुपये दिले. उतारवयात नाशिकला शेती केली. 1936 साली ते वारले. कारखाना धाकटे बंधू पिरोजशा यांनी वाढवला.